तयार गेमिंग डेस्कटॉपमधील प्रोसेसर अपग्रेड

तयार गेमिंग डेस्कटॉपमधील प्रोसेसर अपग्रेड म्हणजे उत्पादकाने जुळवून विकलेल्या, मुख्यतः संगणकीय खेळांसाठी बनवलेल्या डेस्कटॉप संगणकातील मूळ प्रोसेसर काढून त्याच मदरबोर्डवर अधिक क्षमतेचा प्रोसेसर बसवणे होय. असेम्बल केलेल्या संगणकात मदरबोर्ड, एसएमपीएस (वीजपुरवठा संच), कॅबिनेट आणि प्रोसेसरचा पंखा हे भाग वापरकर्ता स्वतः निवडतो. तयार अर्थात ब्रँडेड संगणकात ही निवड उत्पादकाने विक्रीच्या वेळच्या प्रोसेसरला पुरेल अशा बेताने केलेली असते. त्यामुळे नवा प्रोसेसर सॉकेटमध्ये बसणे ही अपग्रेडची केवळ पहिली अट ठरते. मदरबोर्डचे फर्मवेअर, वीज देण्याची क्षमता, उष्णता बाहेर टाकण्याची सोय आणि उत्पादकाने घातलेली बंधने यांवर अंतिम निकाल अवलंबून असतो.

इतिहास

वैयक्तिक संगणकातील प्रोसेसर बदलण्याची प्रथा जुनी आहे. १९८१ मध्ये बाजारात आलेल्या आयबीएम पीसीमध्ये इंटेलचा ४.७७ मेगाहर्ट्झचा ८०८८ हा प्रोसेसर होता. पुढे जपानच्या एनईसी कंपनीने त्याच सॉकेटमध्ये बसणारा व्ही२० हा काहीसा वेगवान प्रोसेसर आणला आणि अनेक वापरकर्त्यांनी मूळ चिप काढून तो बसवला. १९९२ मध्ये इंटेलने ४८६ संगणकांसाठी 'ओव्हरड्राइव्ह' हे प्रोसेसर विकण्यास सुरुवात केली. संगणक तोच ठेवून ग्राहकाने फक्त प्रोसेसर बदलावा, या हेतूने प्रोसेसर उत्पादकानेच बनवलेली ही मालिका होती. याच काळात खटका उचलताच चिप सहज निघेल असे, बळ न लावता वापरता येणारे सॉकेट रूढ झाले.

१९९७ मध्ये पेन्टियम २ सोबत इंटेलने सॉकेटऐवजी 'स्लॉट १' ही रचना स्वीकारली, परंतु काही वर्षांतच ती मागे पडली. २००४ मध्ये आलेल्या एलजीए ७७५ पासून इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरवरील पिना मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये गेल्या आणि प्रोसेसरच्या तळाशी केवळ सपाट संपर्कबिंदू राहिले. एएमडीने डेस्कटॉपसाठी पिनांचे प्रोसेसर एएम४ पर्यंत कायम ठेवले आणि २०२२ मधील एएम५ सॉकेटपासून सपाट संपर्कबिंदूंची पद्धत स्वीकारली.

अपग्रेडची गरज ओळखणे

खेळ चालू असताना प्रत्येक चित्रचौकट (फ्रेम) तयार करण्याचे काम प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यात वाटलेले असते. खेळातील पात्रांच्या हालचाली, भौतिकीचे हिशेब आणि ग्राफिक्स कार्डला द्यायच्या सूचना प्रोसेसर तयार करतो; प्रत्यक्ष चित्र रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असल्यास एका फ्रेमसाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ फ्रेमसाठी हा अवधी सुमारे ६.९ मिलिसेकंदांवर येतो. दोहोंपैकी ज्याला अधिक वेळ लागतो तो भाग संपूर्ण संगणकाचा वेग ठरवतो.

अडथळा कोठे आहे हे तपासण्याची सोपी रीत म्हणजे खेळातील रिझोल्यूशन कमी करून पाहणे. रिझोल्यूशन कमी केल्यावर ग्राफिक्स कार्डवरील भार घटतो, प्रोसेसरचे काम मात्र जवळपास तेवढेच राहते. अशा वेळी फ्रेमची संख्या लक्षणीय वाढली तर मर्यादा ग्राफिक्स कार्डची असते आणि प्रोसेसर बदलून फारसा लाभ होत नाही. संख्या जवळपास तेवढीच राहिली तर मर्यादा प्रोसेसरची किंवा मेमरीची असण्याची शक्यता अधिक असते. याच कारणाने १०८० रेषांच्या रिझोल्यूशनवर नव्या प्रोसेसरचा फरक ठळक दिसतो, तर ४के रिझोल्यूशनवर तो बहुधा पुसट होतो.

टास्क मॅनेजरमध्ये दिसणारा एकूण वापराचा टक्का या बाबतीत दिशाभूल करू शकतो. खेळाचा मुख्य धागा (थ्रेड) एकाच गाभ्यावर अवलंबून असेल, तर आठ गाभ्यांच्या प्रोसेसरचा एकूण वापर कमी दिसत असतानाही तो एक गाभा पूर्ण क्षमतेने चालत असतो. केवळ गाभ्यांची संख्या वाढवल्याने अशा खेळात सुधारणा होत नाही. प्रत्येक गाभ्याचा वेग आणि प्रोसेसरमधील कॅश मेमरी महत्त्वाची ठरते. एएमडीच्या रायझन ७ ५८००एक्समध्ये ३२ मेगाबाइट एल३ कॅश होती. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या रायझन ७ ५८००एक्स३डीमध्ये ती एकावर एक थर रचून ९६ मेगाबाइट करण्यात आली. या दुसऱ्या प्रोसेसरची घड्याळगती कमी असूनही अनेक खेळांत तो वरचढ ठरला.

तयार संगणकांच्या काही प्रतिरूपांत रॅमची एकच पट्टी बसवलेली असते. दोन पट्ट्यांमुळे मेमरीच्या दोन वाहिन्या वापरात येतात आणि प्रोसेसरला माहिती मिळण्याचा वेग वाढतो. त्यामुळे प्रोसेसर बदलण्यापूर्वी हा तुलनेने स्वस्त उपाय पडताळून पाहिला जातो.

सुसंगतता

सॉकेट आणि चिपसेट

प्रोसेसर ज्या सॉकेटसाठी बनलेला असतो त्याच सॉकेटमध्ये तो बसतो. अलीकडील प्रमुख डेस्कटॉप सॉकेट पुढीलप्रमाणे आहेत.

| सॉकेट | आरंभ | प्रोसेसर | मेमरी |
|---|---|---|---|
| एलजीए ११५१ (पहिली आवृत्ती) | २०१५ | इंटेल कोअर ६वी व ७वी पिढी | डीडीआर४ किंवा डीडीआर३एल |
| एलजीए ११५१ (दुसरी आवृत्ती) | २०१७ | इंटेल कोअर ८वी व ९वी पिढी | डीडीआर४ |
| एलजीए १२०० | २०२० | इंटेल कोअर १०वी व ११वी पिढी | डीडीआर४ |
| एलजीए १७०० | २०२१ | इंटेल कोअर १२वी, १३वी व १४वी पिढी | डीडीआर४ किंवा डीडीआर५ |
| एलजीए १८५१ | २०२४ | इंटेल कोअर अल्ट्रा २०० मालिका | डीडीआर५ |
| एएम४ | २०१६ | एएमडी रायझन १००० ते ५००० मालिका | डीडीआर४ |
| एएम५ | २०२२ | एएमडी रायझन ७००० व त्यापुढील मालिका | डीडीआर५ |

सॉकेटचे नाव सारखे असणे पुरेसे नसते, याचे उत्तम उदाहरण एलजीए ११५१ हे आहे. २०१७ मध्ये ८व्या पिढीसाठी इंटेलने संपर्कबिंदूंची संख्या ११५१ च ठेवली, परंतु वीज व भूसंपर्कासाठी वापरायच्या काही बिंदूंची वाटणी बदलली. परिणामी ६व्या किंवा ७व्या पिढीच्या संगणकात ८व्या पिढीचा प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाही. एलजीए १२०० मध्येही मूळ एच४१० आणि बी४६० या चिपसेटना इंटेलने ११व्या पिढीचा पाठिंबा दिला नाही.

एकाच मालिकेतील नावेही फसवी असू शकतात. रायझन ५ ५६०० मध्ये ३२ मेगाबाइट एल३ कॅश आणि पीसीआय एक्सप्रेस ४.० ची सोय आहे. नावात थोडाच फरक असलेल्या रायझन ५ ५५०० मध्ये १६ मेगाबाइट कॅश आणि पीसीआय एक्सप्रेस ३.० आहे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेरीस 'एफ' हे अक्षर असते त्यांत अंगभूत ग्राफिक्स वापरता येत नाही. त्यामुळे स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाशिवाय पडद्यावर चित्र उमटत नाही.

फर्मवेअर

संगणक सुरू होताच चालणारे बायोस (यूईएफआय) हे फर्मवेअर प्रोसेसर ओळखते आणि त्याला लागणारा मायक्रोकोड पुरवते. फर्मवेअरमध्ये नव्या प्रोसेसरची माहिती नसेल, तर योग्य सॉकेट असूनही संगणक सुरू होत नाही. सुट्या विकल्या जाणाऱ्या मदरबोर्डचे उत्पादक प्रत्येक प्रोसेसरचे नाव आणि त्यासाठी लागणारी बायोस आवृत्ती यांची यादी प्रसिद्ध करतात. तयार संगणकाचे उत्पादक मात्र बहुधा त्या प्रतिरूपासोबत विकलेल्या प्रोसेसरपुरताच पाठिंबा देतात. म्हणून चिपसेट तोच असूनही सुट्या मदरबोर्डवर चालणारा प्रोसेसर तयार संगणकात चालत नाही, असा अनुभव येतो. त्याच प्रतिरूपाच्या महागड्या आवृत्तीत उत्पादकाने कोणता प्रोसेसर दिला होता, हा सर्वांत विश्वसनीय निकष मानला जातो.

एएम४ च्या इतिहासात फर्मवेअरचे महत्त्व स्पष्ट दिसते. मे २०२० मध्ये एएमडीने जाहीर केले, की रायझन ५००० मालिका ४०० क्रमांकाच्या जुन्या चिपसेटवर चालणार नाही. अनेक मदरबोर्डवरील बायोसची चिप १६ मेगाबाइटचीच असल्याने तीत सर्व पिढ्यांची माहिती मावत नाही, असे कारण देण्यात आले. ग्राहकांच्या नाराजीनंतर त्याच महिन्यात कंपनीने निर्णय बदलला. २०२२ मध्ये तर ३०० क्रमांकाच्या चिपसेटसाठीही हा मार्ग खुला झाला. मात्र एएमडीने परवानगी दिली तरी प्रत्यक्ष बायोस देण्याचे काम मदरबोर्ड किंवा संगणकाच्या उत्पादकाचे असते. त्याने नवी आवृत्ती काढली नाही तर परवानगीचा उपयोग होत नाही.

वीज

प्रोसेसरच्या नावापुढे छापलेला वॅटचा आकडा हा त्याचा कमाल वीजवापर नसतो. इंटेलच्या कोअर आय५-१२४०० आणि कोअर आय७-१२७०० या दोन्ही प्रोसेसरची मूळ शक्ती ६५ वॅट आहे, परंतु कमाल टर्बो शक्ती अनुक्रमे ११७ आणि १८० वॅट आहे. कोअर आय९-१२९००के साठी हे आकडे १२५ आणि २४१ वॅट आहेत. एएमडीच्या एएम४ प्रोसेसरमध्ये ६५ वॅटच्या चिपला सॉकेटमधून ८८ वॅटपर्यंत आणि १०५ वॅटच्या चिपला १४२ वॅटपर्यंत वीज घेण्याची मुभा असते.

ही वीज एसएमपीएसकडून १२ व्होल्टने येते आणि मदरबोर्डवरील व्होल्टता नियामक मंडल (व्हीआरएम) ती प्रोसेसरला लागणाऱ्या सुमारे एक व्होल्टच्या पातळीवर आणते. स्वस्त मदरबोर्डवर या मंडलाचे टप्पे कमी असतात आणि त्यांवर उष्णता वाहून नेणारे धातूचे आवरणही नसते. अशा बोर्डवर मोठा प्रोसेसर चालू झाला तरी मंडल तापल्यावर त्याचा वेग आपोआप कमी केला जातो. काही उत्पादक बायोसमध्येच वीजमर्यादा कायम करतात आणि ती बदलण्याची सोय देत नाहीत. अशा संगणकात महागडा प्रोसेसर त्याच्या अपेक्षित वेगापर्यंत कधीच पोहोचत नाही.

शीतन आणि कॅबिनेट

तयार संगणकातील पंखा आणि हीटसिंक मूळ प्रोसेसरच्या उष्णतेला जेमतेम पुरतील इतक्याच असू शकतात. मोठा कूलर बसवताना उंची, छिद्रांमधील अंतर आणि हवेचा मार्ग या तीन गोष्टी पाहाव्या लागतात. एलजीए १२०० साठी कूलरची छिद्रे ७५ मिलिमीटर अंतरावर असतात, तर एलजीए १७०० साठी हे अंतर ७८ मिलिमीटर आहे. म्हणून जुना कूलर वेगळ्या पट्टीशिवाय बसत नाही. काही उत्पादक कूलरचे स्क्रू थेट कॅबिनेटच्या धातूत बसवतात किंवा पंख्यासाठी स्वतःचा वेगळा जोड वापरतात. अशा वेळी बाजारातील कूलर लावणे अवघड जाते. समोरची बाजू बंद असलेल्या कॅबिनेटमध्ये उत्तम कूलरही गरम हवाच फिरवत राहतो.

प्रोसेसरचे कुलूपबंद होणे

एएमडीच्या 'प्लॅटफॉर्म सिक्युअर बूट' या सुरक्षा सुविधेत प्रोसेसरमधील सूक्ष्म फ्यूज कायमचे जाळून तो विशिष्ट उत्पादकाच्या फर्मवेअरशी बांधता येतो. ही सुविधा सर्व्हर आणि व्यावसायिक संगणकांत वापरली गेली आहे. असा प्रोसेसर इतर उत्पादकाच्या मदरबोर्डवर चालत नाही. त्यामुळे व्यावसायिक संगणकांतून काढलेले जुने प्रोसेसर विकत घेताना त्यांचा पूर्वेतिहास विचारला जातो.

प्रत्यक्ष प्रक्रिया

प्रोसेसर बदलण्याचे काम साधारणपणे पुढील क्रमाने केले जाते.

१. जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बायोस अद्ययावत केले जाते. नवा प्रोसेसर बसवल्यावर संगणक सुरूच झाला नाही, तर अनेक तयार संगणकांत बायोस बदलण्याचा अन्य मार्ग उरत नाही.

२. महत्त्वाच्या माहितीची प्रत घेतली जाते. डिस्क कूटबद्ध असल्यास बिटलॉकर तात्पुरते थांबवून त्याची ४८ अंकी पुनर्प्राप्ती कळ जपून ठेवली जाते.

३. वीजजोडणी काढून पॉवरचे बटण काही क्षण दाबून धरले जाते, म्हणजे उरलेला विद्युतभार निघून जातो. स्थिर विजेपासून बचाव म्हणून कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श केला जातो.

४. कूलर काढला जातो. एएम४ प्रोसेसर सॉकेटमध्ये केवळ पिनांच्या आधाराने धरलेला असल्याने वाळलेल्या थर्मल पेस्टमुळे तो कूलरला चिकटून बाहेर येऊ शकतो आणि त्याच्या पिना वाकतात. हे टाळण्यासाठी संगणक आधी थोडा वेळ चालवून पेस्ट मऊ केली जाते आणि कूलर सरळ न ओढता हलकेच फिरवून सोडवला जातो.

५. सॉकेटचा खटका उघडून जुना प्रोसेसर उचलला जातो. नव्या प्रोसेसरच्या कोपऱ्यावरील त्रिकोणी खूण सॉकेटवरील खुणेशी जुळवून तो वरून अलगद ठेवला जातो. दाब दिला जात नाही. एलजीए सॉकेटमधील बारीक पिनांना बोट लागले तरी त्या वाकू शकतात आणि अशा नुकसानीत मदरबोर्डच बदलण्याची वेळ येते.

६. प्रोसेसरचा पृष्ठभाग स्वच्छ करून थर्मल पेस्ट लावली जाते. कूलरचे स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळले जातात, जेणेकरून दाब सर्वत्र सारखा राहतो, आणि पंख्याची तार पुन्हा जोडली जाते.

७. संगणक सुरू केल्यावर पहिल्या वेळी मेमरीच्या जुळणीसाठी पडदा काही काळ, विशेषतः डीडीआर५ असल्यास काही मिनिटेही, कोरा राहू शकतो. त्यानंतर बायोसमध्ये प्रोसेसरचे नाव, मेमरीचा वेग आणि तापमान तपासले जाते.

८. सिनेबेंचसारखी चाचणी चालवून पूर्ण भारावर प्रोसेसरचे तापमान आणि वेग पाहिला जातो. वेग सुरुवातीला चांगला असून काही मिनिटांत उतरत गेला, तर कूलर किंवा वीजमर्यादा अपुरी असल्याचे ते लक्षण असते.

सॉफ्टवेअरवरील परिणाम

केवळ प्रोसेसर बदलल्यास विंडोज पुन्हा स्थापित करावी लागत नाही आणि तिचा परवानाही बहुधा टिकतो. तयार संगणकासोबत आलेला परवाना मदरबोर्डशी निगडित असल्याने मदरबोर्ड बदलल्यास मात्र तो गमावण्याचा संभव असतो. टीपीएम ही सुरक्षाव्यवस्था प्रोसेसरच्या अंतर्गत चालत असेल, तर प्रोसेसर बदलताच तीतील कळी निरुपयोगी होतात. कूटबद्ध डिस्क त्या वेळी पुनर्प्राप्ती कळ मागते आणि ती नसल्यास माहिती कायमची हाती लागत नाही.

विंडोज ११ मुळे प्रोसेसर बदलाला वेगळे महत्त्व आले. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या या प्रणालीसाठी मायक्रोसॉफ्टने टीपीएम २.० आणि, काही अपवाद वगळता, इंटेलची ८वी पिढी किंवा एएमडीची रायझन २००० मालिका ही किमान पात्रता ठरवली. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. रायझन १००० असलेला एएम४ संगणक, उत्पादकाने योग्य बायोस दिले असल्यास, नव्या प्रोसेसरच्या साहाय्याने पात्र ठरू शकतो. ७व्या पिढीच्या इंटेल संगणकाला हा मार्ग मिळत नाही, कारण ८व्या पिढीचा प्रोसेसर त्याच्या मदरबोर्डवर चालत नाही. एकाच वर्षी घेतलेल्या दोन संगणकांचे आयुष्य अशा रीतीने सॉकेटच्या धोरणामुळे वेगवेगळे ठरले.

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतील दोष

२०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या व १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये अस्थिरता आढळली. खेळ अचानक बंद पडणे हे तिचे एक लक्षण होते. प्रोसेसरने गरजेपेक्षा अधिक व्होल्टता मागितल्याने ही हानी होते, असे इंटेलने जुलै २०२४ मध्ये सांगितले आणि ऑगस्टपासून मायक्रोकोडची अद्यतने दिली. ही अद्यतने पुढील हानी रोखतात. झालेली हानी त्यांनी भरून निघत नाही. कंपनीने बाधित प्रोसेसरची हमी दोन वर्षांनी वाढवली. एलजीए १७०० संगणकात या पिढ्यांचा, विशेषतः वापरलेला, प्रोसेसर बसवण्यापूर्वी संगणकाच्या उत्पादकाने ही अद्यतने असलेले बायोस दिले आहे की नाही हे पाहणे म्हणूनच आवश्यक मानले जाते.

हमी आणि कायदा

प्रोसेसर बदलल्याने संपूर्ण संगणकाची हमी रद्द होते का, हे देशातील कायदा आणि हमीपत्रातील अटी यांवर अवलंबून असते. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस हमी कायद्यानुसार विशिष्ट कंपनीचेच भाग वापरण्याची अट हमीला साधारणपणे जोडता येत नाही. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने २०१८ मध्ये अशा अटी घालणाऱ्या काही कंपन्यांना इशारा दिला होता. तथापि बदल करताना वापरकर्त्याच्या हातून झालेले नुकसान हमीत येत नाही.

भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. एक भाग बदलून संगणकाचे आयुष्य वाढवणे हा ई-कचरा कमी ठेवण्याचा सरळ मार्ग असल्याने प्रोसेसर बदलाचा प्रश्न या चर्चेशीही जोडला जातो.

खर्च आणि पर्याय

अपग्रेडच्या खर्चात प्रोसेसरच्या किमतीखेरीज कूलर, थर्मल पेस्ट आणि प्रसंगी एसएमपीएस यांचाही समावेश होतो. ही बेरीज मदरबोर्ड, रॅम व प्रोसेसर यांच्या नव्या संचाच्या जवळ पोहोचल्यास संपूर्ण संच बदलणे श्रेयस्कर ठरते. तयार संगणकात हा पर्यायही नेहमी खुला नसतो. मदरबोर्डचा आकार, कॅबिनेटच्या बटणांचे जोड किंवा एसएमपीएसचा जोड प्रमाणित नसल्यास कॅबिनेटसकट बहुतेक भाग बदलावे लागतात आणि जुन्या संगणकातील ग्राफिक्स कार्ड व डिस्क एवढेच उपयोगी पडते.

महाराष्ट्रात गेमिंग संगणक सुटे भाग घेऊन जुळवण्याची पद्धत रूढ आहे. मुंबईतील ग्रँट रोड परिसरातील लॅमिंग्टन रोड (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) हा संगणकाच्या सुट्या भागांचा प्रसिद्ध बाजार आहे. असे प्रमाणित भागांनी जुळवलेले संगणक पुढे टप्प्याटप्प्याने बदलता येतात. तयार संगणकाच्या खरेदीदाराला हीच सोय हवी असल्यास मदरबोर्डचा आकार, चिपसेट, एसएमपीएसचे प्रमाण आणि त्या प्रतिरूपासोबत मिळणारा सर्वांत मोठा प्रोसेसर या बाबी खरेदीपूर्वीच पाहाव्या लागतात. खरेदीनंतर त्यांपैकी बहुतेक त्याच्या हाती राहत नाहीत.

हेही पाहा

- मायक्रोप्रोसेसर
- मदरबोर्ड
- ग्राफिक्स कार्ड
- बायोस
- ई-कचरा